फेसाचं घरटं, पानांचा तंबू

(दृश्य : रात्र. एरंडवण्यातल्या जुन्या सोसायटीचा उघडा हौद.)

पाऊस नुकताच उघडलाय. हौदाच्या कडेने येणारा हा टक्-टक् आवाज झाडबेडकाचा. शास्त्रीय नाव पॉलीपेडॅटस मॅक्युलेटस. बाथरूमच्या टाइलला चिकटलेला दिसला की घरात एकच आरडाओरडा होतो, तो हाच.

वर हिरव्या अशोकात दुसरा रहिवासी आहे : सायनॉप्टेरस स्फिंक्स, आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ. वजन ५० ग्रॅमच्या आसपास.

दोघंही बांधकाम करतात. परवानगी न घेता, आणि तेही पुण्यात!

(जवळून : हौदाच्या भिंतीवर बेडकांची जोडी.)

नर मादीच्या पाठीवर बसलाय. मादी चिकट द्रव सोडते आणि मागचे पाय घुसळत त्याचा फेस करते. अंडी त्या फेसातच. बाहेरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते. मग जोडी निघून जाते. पुढे पिल्लांचं नशीब! काही दिवसांनी ती वळवळत फेसातून सुटतात आणि टपाटप पाण्यात पडतात. म्हणूनच घरटं बरोबर पाण्याच्या वर हवं. आपण मात्र साबणाचा फेस समजून त्यावर खराटा फिरवतो.

अशोकात बांधकाम नराकडे. लोंबत्या फांद्यांमधले देठ आणि डहाळ्या तो दातांनी कुरतडतो आणि आत घंटेसारखी पोकळी तयार करतो. हे काम दिवसचे दिवस चालतं. माद्या त्या तंबूत राहायला येतात, राखण नर करतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू. ते तिच्या अंगाला बिलगून असतं, बेडकासारखं सोडून देणं इथे नाही.

(जवळून : दोघांचे हात.)

आता बोटं बघा. बेडकाच्या बोटांच्या टोकाला चकत्या आहेत. त्या ओलसर असतात, म्हणून गुळगुळीत भिंतही सुटत नाही. वटवाघळाची बोटं लांबच लांब वाढली, त्यांच्यामध्ये कातडं ताणलं गेलं आणि पंख झाला. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट. फांदीवर सरकताना तोच उपयोगी पडतो.

अशोकाची फळं पिकली की पार्किंगमधल्या गाड्यांवर रोज बियांचा सडा पडतो आणि मीटिंगमध्ये छाटणीचा विषय निघतो. छाटायचंच असेल, तर आधी खालून झुपक्यात नीट बघा. पिल्लू घेतलेली मादी दिवसा तिथेच लटकलेली असते.