तिला जायचं होतं का?

(परदेशातल्या खान्देशी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

आपल्या मुली हल्ली काय वाचतात यावर बोला, असं मला सांगितलं होतं. घरोघरी ती पुस्तकं आहेत. इतिहासातली खरीखुरी राणी घ्यायची, नाहीतर एखादी विदुषी, आणि तिच्या आयुष्यात जादू सोडायची. कुणी पक्षी होते, कुणाला मेलेल्यांशी बोलता येतं, कुणी भविष्य पाहते. मी त्याची तयारी करूनच आले आहे. पण एप्रिलपासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसलाय, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. लग्नानंतर आखाजीला जायला मला एकवीस वर्षं लागली. शाळेच्या सुट्टीला चार दिवस जोडून घेतले आणि लेकीला बरोबर नेलं. भुसावळला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि फलाटावर पाय भाजत होते. आमचं गाव मुक्ताईनगरच्या बाजूला. तुमच्यातले निम्मे अजून एदलाबादच म्हणतात, मीही म्हणते.

दुसऱ्या दिवशी आईनं अंगणात चूल पेटवली आणि खापर पालथं घातलं. मांडे. तुम्हाला काय सांगायचं? पुरण भरलेला उंडा हातावर घेऊन ती फिरवत गेली, तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरला, आणि मग तिनं अलगद खापरावर टाकला. आईचं वय चौऱ्याहत्तर. माझी पंधरा वर्षांची लेक आधी फोनवर व्हिडिओ काढत होती. थोड्या वेळानं तिनं फोन ठेवला आणि आजीच्या बाजूला उकिडवी बसली.

आई काम करता करता बोलते. मुक्ताईला मांडे करायचे होते, निवृत्तीला खावेसे वाटले होते, पण विसोबानं कुंभारांना दम दिला की त्या पोरीला खापर द्यायचं नाही. ती रडत घरी आली. मग ज्ञानोबांनी जठराग्नी पेटवला, पाठ तापवली, आणि तिनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण तापलेल्या खापरासमोर बसून, त्याची धग तोंडावर घेत ऐकणं वेगळं असतं. लेकीनं विचारलं, "किती वर्षांची होती?" आई म्हणाली, "लेकरू व्हती वं."

लेकीनं तीन दिवस ओट्यावर बसून गोष्ट लिहिली. इंग्रजीत. शाळेत तिनं अशी एक गोष्ट आधीही लिहिली होती, जेन ग्रेवर. १५५३ मध्ये ही मुलगी नऊ दिवस इंग्लंडची राणी होती आणि पुढच्या वर्षी तिचं डोकं उडवलं. वय सोळा-सतरा. टॉवर ऑफ लंडनला त्या हिरवळीवर उभी राहून लेक मला म्हणाली होती, "आई, खरोखर कुणी तिला वाचवलं नाही, मग गोष्टीत तरी वाचवू दे ना." या पुस्तकांचं सगळं वेड मला त्या एका वाक्यात समजलं. मी तेव्हा तिचं कौतुक केलं, मैत्रिणींना पाठवलं.

मुक्ताईची गोष्ट मी ओट्यावर आईला मराठीत वाचून दाखवली. मुक्ताईला पंख होते. हातात वीज होती. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आला, आणि तिनं विजेनं वाघाला भाजून काढलं, चांगदेवाला नदीत लोटलं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "मुक्ताईले पंख कशाले लावले वं? अन् वाघाले कशाले मारलं?"

लेक म्हणाली, ही फँटसी आहे. आई म्हणाली, ही मुक्ताई आहे. आवाज चढले. आमच्या घरी मुक्ताईच्या पालखीला वाटीभर गूळ-शेंगदाणे द्यायला धावणारी माझी आई, आणि इकडे पुस्तकांवर वाढलेली माझी लेक, आणि मध्ये मी, दोघींचं भाषांतर करत. मी आईची बाजू घेतली. चारचौघांत लेकीला म्हणाले, "देवाची अशी थट्टा करतात का?" तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं थट्टा केली नव्हती. तीन दिवस बेचाळीस अंशांच्या उन्हात बसून तिनं ते लिहिलं होतं. माझं ते बोलणं चुकलं, आणि मी ते इथे, तुमच्यासमोर कबूल करते.

ती गप्प बसली. बऱ्याच वेळानं तिनं आजीला विचारलं, "आजी, ती अठरा वर्षांची होती ना? तिला जायचं होतं का?"

आई काही बोलली नाही. आत जाऊन पाणी पिऊन आली.

मंडळी, आपण मुक्ताईच्या मेहूणला गेलोय, कोथळीच्या तिच्या जुन्या मंदिरात गेलोय. तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, शके १२१९, म्हणजे १२९७, वैशाखातला वद्य पक्ष. हे आपण लहानपणापासून हात जोडून ऐकतो. कार्तिकात आळंदीला ज्ञानदेव गेले, मार्गशीर्षात सासवडला सोपान गेला. तिच्यापेक्षा मोठे, पण पोरंच. आईबाप आधीच गेलेले. सहा महिन्यांत दोन भाऊ गेल्यावर अठरा वर्षांची बहीण नदीकाठी काय म्हणाली असेल, हा प्रश्न मी चाळिशी उलटेपर्यंत कधी स्वतःला विचारला नव्हता. माझ्या लेकीनं तीन दिवसांत विचारला.

म्हणून मी या पुस्तकांच्या बाजूनं बोलायला उभी आहे. पण आईची हरकतही मला खरी वाटते, आणि ती पंखांची नाही हे मला फार उशिरा कळलं. वाघाची आहे. आपल्या परंपरेत चांगदेव चौदाशे वर्षांचा योगी. त्यानं ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला, वडील म्हणून नमस्कार लिहावा की लहान म्हणून आशीर्वाद, हेच कळेना. आणि या चिमुरडीनं सांगितलं, चौदाशे वर्षं जगलास तरी कोराच राहिलास. पुढे तोच तिचा शिष्य झाला. तिनं त्याला हरवून नदीत नाही लोटलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं. चांगदेव गावी तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं दगडी देऊळ आजही उभं आहे. माझी आई त्याला "मुक्ताईचं लेकरू" म्हणते. आता इथल्या पुस्तकांत शक्ती आली की लढाई येतेच. लेकीनं तोच साचा मुक्ताईवर बसवला, आणि मुक्ताईची जी खरी जादू, ती त्यात राहूनच गेली.

जादूला तर मुक्ताईच आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. मुंगी आकाशात उडाली आणि तिनं सूर्य गिळला, माशी व्याली आणि घार झाली, आणि हे बघून मुक्ताई हसली. तेराव्या शतकातली मुलगी हे म्हणून गेलीय. परत आल्यावर हा अभंग मी लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

काय उत्तर देणार? आपण काय सांगतो? दर वर्षी वेशभूषा स्पर्धेत आपल्या निम्म्या मुली झाशीची राणी होतात, उरलेल्या जिजाऊ. पुठ्ठ्याची तलवार, एक वाक्य, फोटो, पदक. मीही माझ्या लेकीला सलग चार वर्षं राणी केली. त्या राणीला एकदा तरी काही विचारायची मुभा आपण दिली का? भरीत पार्टीला आपण वांगी कुठून मिळवायची यावर तीन बैठका घेतो, कळण्याच्या पुरीसाठी पीठ मागवतो. या पोरींना एक अभंग समजावून सांगायला मात्र आपल्याला रविवार सापडत नाही. मग त्या जिथे गोष्ट मिळते तिथे जातात. त्यांना दोष देऊ नका.

आणि खान्देशात गोष्टींना काय तोटा? परतीच्या वाटेवर आम्ही चाळीसगावला थांबलो, पाटणादेवीला गेलो. गणिती भास्कराचार्यांच्या नातवानं, त्याचंही नाव चांगदेवच, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा पाटणला सापडलेला शिलालेख १२०७ चा आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे. बापामागून मुलगा, मुलामागून नातू. बाई एकही नाही. लीलावती कुठे आहे? ती ग्रंथाच्या नावात आहे. ११५० मधला तो ग्रंथ तिला हाक मारून गणितं घालतो. नऊ हात खांबावर मोर बसलाय, खांबाच्या पायथ्याला बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतोय, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? बारा हातांवर. लेकीनं गाडीतच सोडवलं. मग म्हणाली, "हे लीलावतीला विचारलंय ना? तिनं काय उत्तर दिलं, ते कुठे आहे?" ते कुठेच नाही.

लग्नाची वेळ मोजायला पाण्यात तळाला भोक असलेलं घटिकापात्र ठेवलं, ती वाकून बघायला गेली, अंगावरचा मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला आणि बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण भास्कराचार्यांचीच समजतो. ती मूळ ग्रंथात नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरात, १५८७ मध्ये, चारशेहून अधिक वर्षांनी. लीलावती त्यांची मुलगी होती, हेसुद्धा ग्रंथ स्वतः सांगत नाही. म्हणजे प्रसिद्ध बाईचं आयुष्य नव्यानं रचायचं काम माझ्या लेकीच्या कितीतरी आधी सुरू झालंय. आणि त्या गोष्टीतही लीलावती काय करते? वाकते, मोती पाडते, बापाचं सांत्वन ऐकते. गणित ती सोडवतच नाही. ती गोष्ट कुण्या पंधरा वर्षांच्या मुलीनं लिहिली असती, तर मोती तिनं मुद्दाम टाकला असता, असं माझी लेक म्हणते.

असं लिहू द्यावं का? मला वाटतं, द्यावं. पण गोष्टीच्या शेवटी एक पान जोडावं, त्यात खरं काय आणि मी घातलेलं काय ते सांगावं. मी लेकीला एवढी एकच अट घातलीय. मोत्याची गोष्ट फैजीची आहे हे माहीत असूनही ती वाचायला गोड लागते. माहीत नसेल, तर आणखी दोन पिढ्यांनी आपली नातवंडं मेहूणला येतील आणि विचारतील, हिचे पंख कुठे गेले.

माझी खरी भीती तीही नाही. लेकीनं मुंगीचा अभंग तर ऐकला, पण ताटीच्या अभंगांपाशी आम्ही अडलो. रुसून झोपडीची ताटी लावून बसलेल्या भावाला ही लहान बहीण बाहेरून समजावते. लेकीनं विचारलं, "ताटी म्हणजे दार?" मी म्हटलं, हो, तसंच. पण दार नाही ना ते. कुडाची, कामट्यांची ती ताटी, आतलं बाहेर ऐकू येतं अशी. तिच्या इंग्रजीत ते दारच झालं, जाड, लाकडी, कडीचं. मुक्ताई त्याच्यावर धडका मारते. मी ते वाचलं आणि दुरुस्त कसं करायचं तेच मला सुचेना. तिला ताटी दाखवायला आता गावातही घर राहिलेलं नाही. आमच्या घराला लोखंडी दार आहे.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग तिनं हळूच विचारलं, "त्या पोरीनं पुढं काय लिहिलं वं?"

मी लेकीला हाक मारली. तिनं फोन घेतला. वाघ आता जिवंत आहे, पंख तिनं काढले नाहीत, तेवढे राहू दे म्हणाली. शेवटचं पान अजून कोरं आहे. मुक्ताई मेहूणला नदीकाठी उभी आहे, आभाळ भरून आलंय, एवढंच लिहून ती थांबलीय. आजीनं विचारलं, का थांबली.

"तू सांगितलं नाहीस ना अजून," लेक म्हणाली. "तिला जायचं होतं का?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे आईच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.