ससा मागणाऱ्या मुलाच्या आईबाबांशी

वार्षिक परीक्षा संपल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, मुलगी ससा मागतेय, घेऊन देऊ का?’ मी उलट विचारते, तिला सशाला हात न लावता अर्धा तास जमिनीवर गप्प बसता येतं का? पालकांना वाटतं, मी प्रश्न टाळतेय. पण माझ्या लेखी खरी पारख हीच आहे.

ससा हा शिकार होणारा प्राणी. वरून हात आला की त्याला घारीची झडपच वाटते. आपण लाडाने उचलतो आणि तो सुटण्यासाठी जिवाच्या आकांताने मागचे पाय झाडतो. हाडं हलकी, पायांत मात्र जोर. त्या हिसक्याने त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. असा एक ससा माझ्या टेबलावर आला होता. दुसरीतला मुलगा शेजारी उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘मी पाडलं नाही, मी फक्त कडेवर घेतलं.’ पोरगा खरं बोलत होता. कडेवर घ्यायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती चूक मोठ्यांची.

म्हणून मुलाला आधीच सांगा, ससा बहुतेक वेळा लांबच बसेल. बरेच दिवस गेल्यावर एखाद्या संध्याकाळी जवळ येईल, तुझ्या पायाचा अंगठा हुंगेल आणि निघून जाईल. एवढ्यावर जे मूल खूश होतं, ते तयार आहे. काही मुलं आठव्या वर्षी तयार असतात, काही बाराव्या वर्षीही नसतात.

आता खाणं. चित्रातलं गाजर विसरा, त्यात साखर जास्त. सशाचं खरं अन्न वाळलेलं गवत, तेही दिवसरात्र समोर हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. आतडंही त्यानेच चालतं राहतं. आपल्याकडे लसूणघास सहज मिळतो, पण तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठी. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जड जातं, लघवीचा त्रास होतो. आणि हंगामात घरात द्राक्षांची पेटी असतेच. मुलाचा हात तिकडे जाणार. क्वचित एखादा मणी, बस्स.

नाशिकची हवा थंड, हे आता जुनं झालं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला तिशीच्या वर त्रास सुरू होतो. सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत पिंजरा ठेवणार असाल, तर कृपा करून ससा घेऊ नका. तो आठ-दहा वर्षं जगतो. आज तिसरीतली मुलगी बारावीला बसेल तेव्हाही तो घरात असेल, आणि तेव्हा गवत तुम्हीच टाकत असाल. ते मान्य असेल तरच हो म्हणा.

मळ्यात सापडलेलं रानसशाचं पिल्लू मात्र घरी आणू नका. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय ते बहुतेक वेळा पोरकं नसतं. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते.

शेवटी एका मुलीबद्दल सांगते. चौथीतली. शाळेत जायच्या आधी सशाचा कोपरा ती स्वतः झाडायची. एका सकाळी कागदाच्या दोन पुड्या घेऊन आईला ओढतच दवाखान्यात आली. एका पुडीत कालच्या लेंड्या, टपोऱ्या. दुसरीत आजच्या, मिरीएवढ्या आणि मोजून सहा. आईला ससा नुसता झोपाळलेला वाटत होता. ससा दुखणं लपवतो. दहा-बारा तास त्याच्या पोटात काही गेलं नाही, तर आतडं थांबतं आणि जीव जाऊ शकतो. आम्ही लगेच उपचार सुरू केले. मुलगी टेबलाजवळ उभी होती, हात मागे बांधून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ससा गवताला लागला.