बॅरल कुणाच्या पाठीवर?

(इंदूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्यांना ऐकू येतंय ना? "नाही" म्हणालात, म्हणजे येतंय.

पत्रिकेत विषय छापलाय 'लाइट मशीनगन आणि ऑटोमॅटिक रायफल'. काल एका वहिनींनी फोन केला, "भाऊ, आम्हाला झेपेल का हो?" म्हटलं, पुरण वाटताना मिक्सर तापला तर काय करता? म्हणाल्या, बंद करून बसते. म्हटलं, अर्धा विषय तुम्हाला येतोय, या. तिसऱ्या रांगेत बसल्यात त्या. तसं महूची फौजी छावणी तासाभरावर असूनही आपण इंदूरकरांनी फौजेशी नातं ठेवलं ते कँटीनच्या साबणापुरतंच, म्हणून एवढं घरगुती बोलावं लागतं.

ऐंशी उलटलीय माझी. मी पलटणीत आलो तेव्हा सेक्शनचा, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचा, आधार होती .303 ब्रेन, लाइट मशीनगन, आमच्या भाषेत एलएमजी. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा, उत्पादन इंग्लंडातल्या एनफील्डचं. म्हणून 'ब्र' अधिक 'एन'. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, वरून लावायची, बाकदार, 30 गोळ्यांची. भरायच्या मात्र 28, नाहीतर स्प्रिंग रुसते. चालवायला माणसं दोन. नंबर एक चाप ओढतो. नंबर दोन मॅगझिन बदलतो, नजर ठेवतो आणि जादा बॅरल, म्हणजे बंदुकीची नळी, वाहतो.

नव्या अफसरानं सुरुवातीचे दिवस जवानांबरोबर काढायचे असतात. मला नंबर दोन केलं. हा मोठेपणा समजून मी खूश. रात्रीची कवायत होती, डिसेंबर महिना. नाल्याकाठी थांबलो, बॅरलची पिशवी खांद्यावरून उतरवली, बाभळीला टेकवली. हुकूम झाला, उठलो, निघालो. दोन मैलांवर नंबर एक, वयानं माझ्या काकाएवढा नाईक, हळूच म्हणाला, "साहेब, बॅरल?" काय सांगू तुम्हाला! थंडीत घाम फुटला. फौजेत माणूस हरवला तर तो आपल्या पायांनी परत येऊ शकतो. बॅरल हरवली की चौकशी येते. त्या नाईकानं बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही. उजाडताना आम्ही दोघं परत गेलो. बाभळीपाशी एक म्हातारा गुराखी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. "कुणाचं तरी असेल म्हणून राखत बसलो," म्हणाला. पुढे आठ दिवस कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी ती पिशवी माझ्या गळ्यात ठेवली. जेवतानासुद्धा. आजही लग्नकार्यात कुणी म्हणालं, "ही बॅग जरा धरा हो," की मी नकार देतो. आमच्या सौंना याचा राग आहे, पण तो विषय पत्रिकेत नाही.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच! बरं.

तर मुद्दा त्या पिशवीचाच आहे. सलग मारा केला की नळी तापते. ब्रेननं भराभर दहा मॅगझिन झाडल्या की बॅरल बदलायची, जोडी तयार असली तर काम सेकंदांचं. ऑटोमॅटिक रायफलची नळी जागेवरच पक्की. अमेरिकेची 1918 ची बीएआर, म्हणजे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल, घ्या: 20 गोळ्यांची मॅगझिन, बदलती बॅरल नाही. तापली की वहिनींसारखं बंद करून बसा. रशियाची आरपीके म्हणजे एके रायफलचीच थोरली बहीण. 75 गोळ्यांचा ड्रम चढवला तरी नळी तीच.

मग रायफल कुणाला हवी? धावणाऱ्याला. अमेरिकन मरीननी 2010 नंतर सेक्शनमधून गोळ्यांच्या पट्ट्यावर चालणारी साडेसात किलोची एलएमजी एम249 काढून तिच्या निम्म्या वजनाची ऑटोमॅटिक रायफल एम27 आणली. नेम चांगला, गनर हल्ल्यात मागे पडत नाही, आणि शत्रूला तो इतरांतून वेगळा ओळखू येत नाही. आपण उलट्या वाटेनं आलो. आपल्या देशी इन्सास रायफलीच्या कुटुंबातली 5.56 मिलिमीटरची एलएमजी वापरून पाहिली आणि मार्च 2020 मध्ये 7.62 मिलिमीटरच्या 16,479 इस्रायली नेगेव्ह एलएमजींचा करार केला. आता पट्टा, आणि पुन्हा बदलती बॅरल.

माझं मत? सेक्शन पुढे सरकताना शत्रूचं डोकं खाली दाबून ठेवायचं असेल, तर मारा तुटता कामा नये. अचूक पण थांबत थांबत येणारी गोळी त्याला श्वास घ्यायला वेळ देते. गल्लीबोळांत, घराघरांतून लढायचं असेल तर मी मरीनांशी भांडणार नाही, तिथे हलकी रायफलच बरी. पण डोंगरावर, समोर बंकर असताना, मला दोन माणसं आणि एक पिशवी हवी. ओपन बोल्ट, क्लोज्ड बोल्ट, म्हणजे चाप ओढण्याआधी गोळी कुठे असते, ते राहूनच गेलं. दोन वाक्यांत सांगतो. ब्रेनसारख्या एलएमजीत चाप ओढेपर्यंत गोळी चेंबरबाहेर, म्हणजे नळीच्या मागच्या घराबाहेर, असते, म्हणून तापलेल्या नळीत ती आपोआप उडत नाही. एम27 सारख्या रायफलीत ती आत बसलेली असते, म्हणून पहिला नेम चांगला.

अध्यक्ष उभे राहिले. बाकीचं पोह्यांच्या रांगेत विचारा, आणि जाताना माझी छत्री कुणीतरी आठवणीनं द्या. खुर्चीखाली आहे.