होमाईबाईंचा राहून गेलेला फोटो

नमस्कार श्रोतेहो. आज होमाई व्यारावाला यांच्याविषयी बोलायचंय. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मग दिल्ली, आणि म्हातारपण बडोद्यात. हे बडोदं लक्षात असू द्या, शेवटी तिथंच जायचंय.

सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं छापले जात. १९४२ साली हे जोडपं दिल्लीला गेलं आणि ब्रिटिशांच्या माहिती खात्यात काम करू लागलं. होमाईबाई साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन निघायच्या. आणि तो कॅमेरा म्हणजे केवढं धूड! एका फिल्म होल्डरमध्ये दोनच फोटो, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला, काढून नवा बसवायचा. त्यामुळे बघायचं खूप आणि टिपायचं थोडं. आता लग्नात अंतरपाट धरला की मोबाइल घेतलेले पन्नास हात वर जातात आणि मागं बसलेल्या आजीला नवरानवरी दिसतच नाहीत. मला हे फार खुपतं. अक्षता टाकायला तरी हात मोकळा ठेवावा की नाही?

असो. मला सांगायची आहे ती ३० जानेवारी १९४८ ची गोष्ट. ही मी कितीदा सांगितली असेल, पण दर वेळी सांगताना मीच थांबतो.

गांधीजी तेव्हा दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये राहत होते. रोज संध्याकाळी पाचला मागच्या हिरवळीवर प्रार्थना व्हायची. कुणीही यावं, बसावं. त्या शुक्रवारी होमाईबाई प्रार्थनेला जायला निघाल्या. कॅमेरा घेतला, बाहेर पडल्या. लक्षात घ्या, त्या निघाल्या होत्या. तेवढ्यात माणेकशांनी त्यांना परत बोलावलं. आज नको, उद्या दोघं मिळून जाऊ.

उद्या जाऊ. आपण घरात दिवसातून दहा वेळा म्हणतो हे. दळण उद्या आणू, मावशीकडे उद्या जाऊ. नवऱ्यानं म्हटलं, बायकोनं ऐकलं, यात कुणाचं काय चुकलं? प्रार्थना रोजचीच होती. होमाईबाई मागं फिरल्या.

तिकडे बिर्ला हाउसमध्ये सरदार पटेल भेटायला आले होते. बोलणं लांबलं. वेळ काटेकोर पाळणाऱ्या गांधीजींना उशीर झाला. दोन्ही बाजूंना दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून ते लगबगीनं हिरवळीकडे निघाले. पाच वाजून सतरा मिनिटांनी तीन गोळ्या सुटल्या.

ज्यांनी दिल्लीतली एवढी माणसं, एवढे प्रसंग टिपले, त्या होमाईबाई त्या क्षणी तिथं नव्हत्या. निघाल्या होत्या, पण नव्हत्या.

आणि ठरलेलं ते उद्या आलंच की. ३१ जानेवारी. तो अंत्ययात्रेचा दिवस होता. ते फोटो होमाईबाईंनी काढले. पण आदल्या संध्याकाळचा राहून गेला, त्याची चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली. नव्वदी गाठली तरी मुलाखतीत त्या हे बोलून दाखवत. मी त्या वाक्यापाशी नेहमी अडखळतो. एवढं काम हातून झालेल्या बाईला एक न झालेलं काम इतकं जपून ठेवावंसं वाटलं.

वेळ फार गेला, आता भराभर सांगतो. काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या बाजूनं वर झालेले हात, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, कबुतर उडवणारे नेहरू, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. फोटोंवर टोपणनाव ‘डालडा १३’. जन्म तेराचा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. १९७० साली त्यांनी काम सोडलं. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की, एकमेकांचा मान न राखणं त्यांना सोसेना. कॅमेरा ठेवला तो ठेवलाच.

माणेकशा तोवर गेले होते. मग मुलासोबत राजस्थानातलं पिलानी, आणि १९८२ साली बडोदा. वय एकोणसत्तर. बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही, गायकवाडांचं गाव ते, दांडिया बाजारात आजही मराठी कानावर पडतं. पण या वयात नवी गल्ली, नवे शेजारी, नवा भाजीवाला, हे सोपं नसतं. त्यात १९८९ साली एकुलता एक मुलगा कर्करोगानं गेला. होमाईबाई छोट्या फ्लॅटमध्ये एकट्या उरल्या.

त्या तिथंच राहिल्या. झाडं लावली. नळाची, सुतारकामाची घरातली दुरुस्ती स्वतः केली. गळका नळ तीन-तीन आठवडे टिपटिपू देणाऱ्या धडधाकट माणसांचा मला राग येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जुनी फियाट त्यांनी पंचावन्न वर्षं वापरली. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

पुढच्याच जानेवारीत त्या घरात पडल्या. त्यांना दवाखान्यात नेलं ते शेजाऱ्यांनी. १५ जानेवारी २०१२ ला बडोद्यातच त्या गेल्या.