यॉटची लांबी आणि वर्षाचा खर्च

नमस्कार श्रोतेहो. शिडाची यॉट घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न लांबीचा. २५ फुटी घ्यावी की ५० फुटी? लांबी दुप्पट, तर खर्चही दुप्पट, असं बरेच जण धरून चालतात. गफलत तिथेच होते. लांबीबरोबर रुंदी वाढते, खोलीही वाढते. २५ फुटी यॉट दोन-अडीच टनांची, तर ५० फुटी सहज १४-१५ टनांवर जाते.

तळाचा रंग घ्या. मुंबई बंदराच्या कोमट खाऱ्या पाण्यात शेवाळ आणि बार्नाकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, भराभर चिकटतात, म्हणून त्यांना रोखणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाचे दोन हात द्यावेच लागतात. अंदाज काढायचा तर बोटीची रुंदी आणि पाण्यातली खोली मीटरमध्ये मोजून बेरीज करा, तिला पाणरेषेवरच्या लांबीने गुणा आणि त्याचा पाऊण हिस्सा धरा. २५ फुटीला साधारण १९ चौरस मीटर येतात, ५० फुटीला ६८. एका हाताला लिटरमागे १० चौरस मीटर धरले, तर एकीला ४ लिटर आणि दुसरीला १४. खरवडण्याची मजुरीही त्याच पटीत.

पण खरी उडी पुढेच आहे. २५ फुटीचा १० किलोचा नांगर माणूस हाताने ओढतो. ५० फुटीला १० मिलिमीटरची साखळी लागते. ती मीटरला सव्वादोन किलो, म्हणजे ६० मीटरला १३५ किलो. तिथे विजेचं विंडलास, म्हणजे नांगर ओढणारं यंत्र हवं, त्याला जाड केबल हवी, मोठ्या बॅटऱ्या हव्यात, आणि बहुतेकदा जनरेटरही येतो. आता या जनरेटरलाही इंजिनासारखाच समुद्राचं पाणी खेचणारा पंप असतो आणि पंपात रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. बोट पावसाळाभर उभी राहिली की त्याची दाबलेली पाती तशीच वाकून बसतात. दिवाळीत इंजिन सुरू करताच पातं तुटतं, तुकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात आणि इंजिन तापतं. बोट ठेवण्याआधी इंपेलर काढून ठेवा, सुरू करण्याआधी नवा बसवा. छोट्या बोटीत हे काम एकदा, मोठीत दोनदा.

पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढायची असते. उचलता येणाऱ्या कण्याची (तळाखालच्या कीलची) २५ फुटी ट्रेलरवर बसते. १५ टनांना मोठी क्रेन, कण्याखाली ठोकळे, दोन्ही बाजूंना टेकू, आणि यार्डाचं भाडं बहुधा फुटावर. शिवाय मोठ्या बोटीला बहुतेकदा पगारी खलाशी ठेवावा लागतो. व्हीएचएफ रेडिओ आणि जीपीएस तेवढे दोघींना जवळजवळ सारख्याच खर्चात येतात.

नव्या ३० फुटीच्या किमतीत जुनी ४५ फुटी मिळाली की मोह होतो. किंमत उतरलेली असते, पण शिडं, तारा, रंग सगळं ४५ फुटांच्याच भावाने घ्यावं लागतं. सौद्याआधी डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा कधी बदलल्या ते विचारा. १० ते १५ वर्षं झाली असतील, तर नव्या तारांचा खर्च बोटीच्या किमतीतून वजा करून मागा.