सगळ्यांसाठी एकच टोप

(सावंतवाडी तालुक्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. तुमच्यातल्या बहुतेक जणी येत्या वैशाखात कुणाच्या ना कुणाच्या लग्नघरी चुलीपाशी उभ्या असणार. कुणाकडे सत्यनारायण असेल, कुणाच्या वाडीत क्रिकेटचे सामने, कुणाच्या गावात देवळाचा वर्धापनदिन. जेवणात काय करायचं हे महिनाभर आधी ठरतं. भाजी कुठली, वडे किती, सोलकढीला नारळ किती, सगळं वहीत लिहिलेलं असतं. मात्र आल्या-गेल्याला प्यायला काय द्यायचं, ते शेवटच्या दिवशी दुकानातून उचललं जातं. आज मी तेवढ्याचविषयी बोलणार आहे.

आपल्या कार्यांत पिण्याच्या बाबतीत माणसांचे गट पडतात, हे तुम्ही पाहिलं आहे. काही पुरुष माडाखाली निघून जातात, त्यांची दारूची सोय वेगळी असते. मुलांच्या हातात रंगीत बाटल्या येतात. मधुमेह असलेल्या काकींना त्याही चालत नाहीत, म्हणून त्या भर उन्हात बिनसाखरेचा चहा घेऊन बसतात. पोटुशी सून काय प्यावं या विचारात नुसतं पाणी पिते. आणि ज्याला रात्री वऱ्हाडाची गाडी आंबोली घाटातून वर न्यायची आहे, त्याला मित्र आग्रह करत राहतात, कारण नको म्हणताना हातात धरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मला हे मनापासून खटकतं. जेवणाची पंगत एक असते, तसा पिण्याचा टोपही, म्हणजे पेयाचं मोठं पातेलंही, एक असावा. त्यातून आजीने प्यावं, नातवाने प्यावं, ड्रायव्हरने प्यावं आणि माडाखाली जाणाऱ्यालाही इथेच थांबावंसं वाटावं. त्यासाठी पेय चविष्ट हवं, थंड हवं आणि त्यात साखर-मीठ कुणावर लादलेलं नको.

असं पेय करायला आपल्याकडे रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या आहेत. पण परसातलं झाड कुठल्याही जातीचं असलं, तरी कामाला येतं.

रातांब्याचं सरबत म्हटलं की आपल्यासमोर दोन बाटल्या येतात, अमृत कोकम आणि आगळ. दोन्ही आपल्याच, दोन्ही चांगल्या. पण त्या वर्षभर टिकतात त्या कशाच्या जोरावर, ते बघा. अमृत कोकमात सालीच्या जवळजवळ दुप्पट साखर असते, आणि आगळात भरपूर मीठ. ही साखर आणि हे मीठ टिकवण्यासाठी घातलेलं असतं, चवीला तेवढं लागत नाही. म्हणजे आगळाचं सरबत केलं की रक्तदाबवाल्याची पंचाईत, अमृत कोकमाचं केलं की मधुमेहवाल्याची. म्हणून कार्याच्या टोपासाठी मी सुकलेली सालच घ्या म्हणते, आणि तीही बिनमिठाची. आमसुलं करताना सालींना रसाचं पुट देतात, आणि त्या रसात पुष्कळदा मीठ घातलेलं असतं. तुम्ही स्वतः करत असाल तर कार्यासाठीची वेगळी, मीठ न घालता सुकवा. विकत घेत असाल तर विचारून घ्या.

विकत घेताना आणखी एक बघा. कोकमाचा लाल रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यात बदलतो. चार साली पाण्यात चुरा, ते पाणी वाटीत घ्या, चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. खऱ्या कोकमाचा लाल रंग जांभळट, निळसर आणि मग मळकट होत जाईल. सोडा टाकूनही तो तसाच झगझगीत लाल राहिला, तर त्यात वरून रंग घातल्याची शंका घ्या. हा रंग उष्णतेनेही उतरतो, म्हणून साली उकळायच्या नाहीत. पाणी आधी खळखळून उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि त्यात साली तीन-चार तास भिजवून हाताने चुरायच्या.

आता प्रमाण. शंभर माणसं धरा आणि प्रत्येकाला दीडशे मिलीचे दोन पेले. एकूण ३० लिटर झाले. त्यातलं अर्धं, म्हणजे १५ लिटर, कोकमाचं पाणी करायचं. त्याला अर्धा किलो सुकी साल पुरते. साल जुनी असेल तर वायच जास्त लागेल. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेलं आलं आणि मूठभर पुदिना किंवा तुळस. हिरवी मिरची आवडत असेल तर एक-दोन नुसत्या चिरून सोडा, वाटू नका. हा आपला टोप. यात साखर नाही, मीठ नाही.

गोडाची कळशी त्याच्या शेजारी ठेवायची आणि तिच्यात कलिंगडाचा रस भरायचा. भात कापून झाला की आपल्याच मळ्यांत कलिंगडं लागतात. कार्यांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला ढीग असतात आणि उतरती कळा लागली की शेतकरी मिळेल त्या भावाला देतो. १५ लिटर रसाला चार-चार किलोंची सात-आठ कलिंगडं लागतील. बिया काढून फोडी घुसळा आणि जाड चाळणीतून काढा. अगदी पातळ गाळू नका, थोडा गर राहू दे. अर्धा पेला टोपातलं, अर्धा पेला कळशीतलं. कोकमाचा आंबटपणा कलिंगडाचं पाणचट गोड सावरून धरतो, आणि रंग तर असा येतो की मुलं आपणहून हात पुढे करतात.

साखरेचा हिशेबही करून बघू. कलिंगडात शंभर ग्रॅमला साधारण ६ ग्रॅम साखर असते. आपल्या पेल्यात रस ७५ मिली, म्हणजे साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास. बाजारातल्या गोड शीतपेयात शंभर मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे तेवढ्याच पेल्यात १६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी वरून आलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, आणि २५ च्या आत ठेवलीत तर अधिक बरं. या मोजणीत फळाच्या रसातली साखरही धरतात, हे ध्यानात ठेवा. रस फळाचा आहे म्हणून तांब्यावर तांबे प्यावे असं नाही. मधुमेह असलेल्यांनी कळशीतलं दोन चमचे घ्यावं किंवा नुसतं टोपातलं घ्यावं. जिरं-आल्यामुळे ते तसंही चांगलं लागतं. कलिंगड नसेल त्या महिन्यांत कळशीत गुळाचा पातळ पाक ठेवा. पण गूळ आहे म्हणून मधुमेहाला चालतो, असं कुणाला सांगू नका. गुळाने रक्तातली साखर वाढतेच.

मीठ वाटीत, बाजूला. उन्हातून पालखी नाचवून आलेल्याला चिमूटभर मीठ घातलेलं बरं वाटेल, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला ते नको असेल. वाढणारीने प्रत्येकाला विचारायचं, ‘गोड किती? मीठ घालू?’ विचारून दिलेल्या पेल्याने माणूस सुखावतो, आणि कुणाला आपला आजार चारचौघांत सांगावा लागत नाही.

आता काजूच्या बोंडूकडे येते, कारण त्याच्याबद्दल मला जास्त कळकळ आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड आज आपल्या डोंगरांवर पसरलं आहे. आपण बी काढून घेतो आणि बोंडू झाडाखाली टाकतो. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं फळ, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेलं, आणि ते कुजायला सोडतो. सीमेपलीकडे गोव्यात त्याच रसाची हुर्राक आणि फेणी ही दारू होते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये मानांकनही मिळालं. आपल्या घरात मात्र बोंडू म्हणजे घसा धरणारं फळ. घसा धरतो तो त्यातल्या तुरट द्रव्यामुळे, आणि ते काढता येतं. एक लिटर रसाला ५ ग्रॅम साबुदाण्याचं पीठ थोड्या पाण्यात शिजवून गार करा, रसात ढवळा आणि भांडं झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. साबुदाण्याचं पिष्ट तुरटपणाला धरून तळाशी बसतं. सकाळी वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या. साबुदाणा नसेल तर तांदळाच्या पेजेनेही हे काम होतं.

पण इथे फार जपायला हवं, कारण आपण मद्य नसलेलं पेय करतो आहोत. बोंडूचा रस गोड असतो आणि फळाच्या सालीवर यीस्ट आधीपासूनच बसलेलं असतं. आपल्या उकाड्यात उघडा ठेवलेला रस काही तासांत फसफसायला लागतो, आणि फसफसला की त्यात मद्य तयार व्हायला सुरुवात झालीच. त्यात कुणी काही घालावं लागत नाही. म्हणून झाडाखाली दोन दिवस पडलेलं, मऊ झालेलं बोंडू घ्यायचं नाही. सकाळी पडलेलं घट्ट फळ घ्यायचं, स्वच्छ धुवायचं, रस काढला की लगेच तापवायचा. उकळी येऊ द्यायची नाही, पण कडेला वाफेचे बुडबुडे दिसेपर्यंत, म्हणजे ८०-८५ अंशांपर्यंत न्यायचा आणि भांडं थंड पाण्यात ठेवून पटकन निववायचा. यात थोडं जीवनसत्त्व जातं, ते जाऊ दे. मग साबुदाणा घालून फ्रीज. प्यायला देण्याआधी वास घ्या. फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर तो रस लहान मुलांना, पोटुशीला किंवा गाडी चालवणाऱ्याला द्यायचा नाही, म्हणजेच आपल्या टोपाशेजारी ठेवायचाच नाही. हाच नियम कलिंगडाच्या रसालाही. तो सकाळी काढून संध्याकाळपर्यंत मांडवात ठेवू नका.

शिमग्याच्या सुमाराला बोंडू मिळतो, तेव्हा कळशीत कलिंगडाऐवजी हा रस. शिमग्यातच याची खरी गरज आहे, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको.

बर्फाबद्दल मी थोडी कठोर बोलणार आहे. आपण बंदराजवळची माणसं. मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात आणि घाईत त्यातलीच एक लादी लग्नघरी पोचते. ती लादी मासळी टिकवण्यासाठी केलेली असते, पोटात जाण्यासाठी नाही. तिचं पाणी कुठलं, ती कुठल्या फरशीवरून ओढत आणली, काही कळत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे तो याचसाठी. निळसर लादी दिसली तर ती सरबतात टाकायची नाहीच. पण पांढरी दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नका. त्यापेक्षा बर्फ पेयात घालूच नका. मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यावर जाडं मीठ, त्यात स्टीलचा झाकणाचा डबा उभा करा आणि डब्यात सरबत. तासाभरात दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि पाणचटही होत नाही. कार्य मोठं असेल तर असे तीन-चार डबे लावा. विजेचा भरवसा नसलेल्या गावातही हे जमतं.

भांडं तांब्या-पितळेचं नको. आमसुलाने आपण समई घासतो आणि ती लखलखते, कारण आंबट धातूला खातं. तेच आंबट कल्हई उडालेल्या पातेल्यात दुपारभर राहिलं, तर तो धातू पेल्यात येतो. अॅल्युमिनियमचंही तेच. स्टील, काच किंवा माती. ग्रामस्थ मंडळाकडे स्टीलचे पेले असतात, तेच वापरा आणि धुवायला दोन माणसं नेमा.

सोलकढीचं कुणीतरी विचारेलच. सोलकढी जेवणासोबत, करून लगेच वाढायची. नारळाचं दूध उन्हात टिकत नाही, म्हणून दिवसभराच्या टोपासाठी ती नाही. कैरीचं पन्हं चालेल, पण ते गूळ-साखरेशिवाय होत नाही, तेव्हा ते वेगळ्या भांड्यात.

आणि कोकम प्यायलं की वजन उतरतं, असं जे सांगितलं जातं, ते आपल्या बचत गटाच्या बाटलीवर छापू नका. कोकमात एक आम्ल आहे, त्याच्या गोळ्या जगभर विकल्या जातात, पण वजनावर त्यांचा ठाम परिणाम दिसलेला नाही. पित्तावर आपल्याकडे कोकम देतात, पुष्कळांना बरं वाटतं, पण काहींचं आंबटाने उलट वाढतं. त्यांना बळेच पाजू नका. आंबट पेय तासभर घोट घोट घेत बसलं तर दातांनाही बरं नाही. पेला संपवावा आणि साध्या पाण्याने चूळ भरावी.

उरलेल्याचं काय? कळशीतला रस रात्री उरला तर टाकून द्या, उद्यावर ठेवू नका. टोपातलं कोकमाचं पाणी फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. चुरलेल्या साली फेकू नका, आमटीत घाला, त्यांच्यात आंबटपणा अजून असतो.

बाहेर ओटीवर टोप मांडला आहे. कळशीत कलिंगड आहे, वाटीत मीठ आहे. आधी नुसतं टोपातलं चाखा, मग गोड घालून. प्रमाण कमी-जास्त वाटलं तर मला आत्ताच सांगा, पुढच्या गावी मला ते बदलता येईल.