दिवसाची लाईट, गावचं गायरान

रात्री दोनला शेतीपंपाची थ्री फेज लाईट आली की बॅटरी घेऊन मोटारीकडे निघायचं, कांद्याच्या सऱ्यांची दारं अंधारातच धरायची. पाय कशावर पडेल, सांगता येत नाही. जुन्नरकडे तर शेजारच्या उसात बिबट्या. शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षं एकच: लाईट दिवसा द्या.

दिवसा ऊन आहे, त्यावर वीज करता येते. अडचण होती सौर पॅनल मांडायला लागणाऱ्या जागेची.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि त्यात सरकारी जमिनीवर खरा भर दिला गेला. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात, आणि तीही गावच्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत. म्हणजे पॅनलची वीज इन्व्हर्टरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून थेट सबस्टेशनला पोचते आणि तिथून शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाईनवर, जाते. लांबच्या तारांमधली गळती वाचते. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आहे. सरकारी जमीन मिळते नाममात्र 1 रुपयात.

वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सप्टेंबर 2024 मध्ये या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला. क्षमता 3 मेगावॉट. तिथल्या शेतकऱ्यांना आता पाण्यासाठी रात्र जागवावी लागत नाही. हे काम मोठं आहे, आणि ते गावोगाव व्हायलाच हवं.

पण सातबाऱ्यावर ‘सरकार’ लिहिलं म्हणून जमीन मोकळी असते असं नाही. ती बहुतेकदा गायरान, म्हणजे गावची चराईची जमीन असते. भूमिहीनाच्या दोन शेळ्या तिथेच चरतात, मेंढपाळांचे कळप तिथेच थांबतात. शेत नसलेल्या या माणसांना शेतीपंपाच्या विजेचा थेट उपयोग नाही. त्यांचं मात्र कुरण जातं. काही गावांत विरोध झाला तो यामुळेच, आणि तो विकासाच्या आड येणं म्हणून झटकून टाकता येणार नाही.

म्हणून तारेचं कुंपण पडण्याआधी मोजणीचा नकाशा ग्रामसभेत उघडा ठेवावा. पाणवठ्याची वाट कुंपणाबाहेर सोडावी. चाऱ्याला जागा कुठे उरते, ते जनावरं राखणाऱ्यांनाच विचारावं. प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं अनुदान आहे. त्यातला पहिला खर्च कुरणासाठी आणि जनावरांच्या पाण्यासाठी व्हावा.